सगळं जीएम एका मापाने मोजू नका

जीएम म्हणजे जनुकं बदललेली पिकं. त्यातल्या अळी मारणाऱ्या बीटी पिकांबद्दल वर एकांनी लिहिलंय, 'जे खाऊन अळी मरते ते माणसाला कसं पचेल?' शंका रास्त आहे, पण उत्तर अळीच्या पोटातच सापडतं. बीटी हा मातीतला जिवाणू; त्याचं जनुक पिकात घातलं की पीक स्वतःच त्याचं 'क्राय' नावाचं प्रथिन बनवतं. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होतं, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना (प्रथिन जिथे चिकटू शकतं अशा जागांना) चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळी आधी खाणं सोडते, मग मरते. आपल्या जठरात आम्ल असतं आणि आतड्यात ते ग्राहीच नसतात.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. एकच प्रथिन वर्षानुवर्षं शेतभर राहिलं की त्याला दाद न देणाऱ्या अळ्या उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. म्हणून तर शेजारी बीटी नसलेल्या साध्या बियाण्याचा पट्टा लावायचा असतो. त्यावर वाढलेल्या, बीटीला बळी पडणाऱ्या पतंगांशी दाद न देणाऱ्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. उत्पन्न बुडेल या भीतीने नेमका तोच पट्टा गाळला जातो!

आणि जीएम म्हणजे फक्त बीटी नव्हे. हवाईतली पपई रिंगस्पॉट विषाणूने संपत आली होती. त्याच विषाणूच्या आवरण-प्रथिनाचं जनुक झाडात घातलं आणि १९९८ पासून ती वाणं शेतात आली. त्यात कीटकनाशकाचा संबंधच नाही.

तणनाशक-सहनशील पिकांबाबत मात्र विरोधकांचं म्हणणं मला पटतं. ग्लायफोसेट हे एकच तणनाशक पुन्हा पुन्हा फवारून त्याला न जुमानणारी तणं माजलीच आहेत.