पेड न्यूजची (पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराची) तक्रार कुठे करायची?

डिचोली: निवडणूक आली की एकाच उमेदवाराची तीच स्तुती दोन दैनिकांत शब्दशः छापून येते. पत्रकारांवर लोकांचा विश्वास उरणार कसा? दाद कुठे मागायची?

फोंडा: तारखेसह अख्खं पान जपा, नुसतं कात्रण नको. मजकूर तोच, फोटो तोच, बातमीदाराचं नाव नाही, 'जाहिरात' हा शब्दही नाही, हाच पुरावा. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडे (निवडणुकीत जाहिराती आणि पेड न्यूज तपासणारी समिती) त्याच दिवशी द्या. उमेदवाराला नोटीस ९६ तासांत निघावी लागते. सिद्ध झालं तर रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरतात.

म्हापसा: एरवी आधी संपादकांना लेखी पत्र, मग प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था; दैनिकासाठी मुदत दोन महिने. पत्राची प्रत जोडायला विसरलात की तक्रार तिथेच अडते. कौन्सिल ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. आणि हो, गावच्या बातमीदारावर राग काढू नका, पैशांचं पॅकेज अनेकदा वरच ठरतं.