मदत हवी आहे: कडुनिंबाला दोन शेंडे, बारका कधी आणि कुठून कापावा?

राम राम मंडळी. जळगावात अंगणाच्या पश्चिम कडेला तीन वर्षांचा कडुनिंब आहे, उंची 12 फूट. साडेचार फुटांवर बेचकं फुटून दोन शेंडे सरळ वर गेलेत, एक दीड इंच जाड, दुसरा सव्वा. बेचक्यात साल आत दुमडलीय, म्हणजे लाकडाला लाकूड जुळलेलं नाही. वजन वाढलं की वळवाच्या वाऱ्यात खोड तिथूनच उभं चिरतं. त्यामुळे एक शेंडा जाणार हे नक्की.

पण बारका बुडातून काढला तर जवळपास निम्मा पाला जातो. पाव भागापलीकडे एकदम काढायचा नाही, आणि उघडं पडलेलं खोड एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेकडून भाजतं. म्हणून यंदा तो अर्ध्यावर, बाहेर वळलेल्या फांदीच्या वर कापायचा. राहिलेला पुढच्या वर्षी.

खान्देशातल्या जाणकारांनी सांगावं: हा काप फेब्रुवारीत पानगळीच्या वेळी घ्यावा, की पाऊस लागल्यावर? नवी पालवी उन्हाळ्याआधी सावली धरते, म्हणून माझा कल फेब्रुवारीकडे.

दुसरं, फांदी कापताना तिच्या बुडाच्या फुगवट्यावरून कापाची जागा कळते, पण जोडशेंड्याला तो फुगवटा नसतो. मग शेवटचा काप बेचक्यातल्या सालीच्या उंचवट्यापासून किती तिरपा घ्यावा?

खालच्या बारक्या फांद्या बुंधा जाड होण्यासाठी ठेवल्यात, फक्त शेंडे खुडतो. खोडाला चुना लावणार आहे. कापावर मात्र ऑइलपेंट सुचवू नका, त्याने जखम लवकर भरत नाही.