नांदेड 'योगायोगाचं तीर्थ'?

गोदाकाठ: काल इथे कुणी लिहिलं, "गुरू गोविंदसिंग प्रवासात गेले म्हणून नांदेड तीर्थ झालं, बाकी सगळं पंजाबचं." वाचून डोकं फिरलं. १७०८ मध्ये देह ठेवण्याआधी गुरूंनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. देहधारी गुरूंची परंपरा इथे संपली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक हे, उगाच नाही. माधोदास बैरागीचा शीख सेनानी बंदा बहादूर झाला तोही इथेच.

जालनेकर: तो मीच. आणि माझं म्हणणं कायम आहे. मुघल बादशहा बहादूरशहा आपल्या भावावर, कामबक्षावर, दक्षिणेत चालून निघाला होता, गुरू त्याच्याबरोबर आले. मुक्काम दुसरीकडे पडला असता तर तख्तही तिथेच असतं. आजची इमारत पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधवली. आपला संबंध काय?

गोदाकाठ: ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हा संबंध! आमच्या गल्लीतले सरदारजी घरात अस्सल मराठवाडी बोलतात. तुम्ही कधी पहाटे तिथे उभे राहिलात का? मी लहान असताना आजोबांचं बोट धरून गेलो होतो. गोदावरीतून भरलेली गागर घेऊन सिंघ समोरून गेला, फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उमटत गेले. त्याच पाण्याने तख्ताला स्नान घालतात.

घाटावरची: गागरीचं नाव काढलंतच तर ऐका. ते पाणी कुठलं? मी रोज घाटावर कपडे धुते. वरून नाला थेट पात्रात येतो, उन्हाळ्यात तर नाक धरावं लागतं. इतिहासावर भांडता, नदीवर कुणी का बोलत नाही?

जालनेकर: विषय भरकटवू नका.

घाटावरची: भरकटलाय कुठे? तीर्थ म्हणजे पाणीच ना? २००८ ला गुरुतागद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, तीनशे वर्षं झाली, रस्ते रुंद झाले, आमचं घर त्यात गेलं. नाला मात्र तिथेच.

गोदाकाठ: ताई, घराचं ऐकून वाईट वाटलं. पण या धाग्यात...

घाटावरची: "पण" नको. तुमचे आजोबा त्याच पाण्याला हात जोडायचे ना?

गोदाकाठ: जोडायचे.

जालनेकर: बरं, ६१ पदांचं मान्य. ते मला माहीत होतं, त्या अंगाने विचार केला नव्हता. मुक्काम योगायोगाने पडला, हे मात्र सोडणार नाही. आणि नाल्याचं ताईंचंच खरं. मीही पाहिलाय तो, मागच्या दसऱ्याला. पायऱ्या उतरलो आणि आचमन न करताच परत फिरलो.