‘काइंडली रिव्हर्ट’ : बाहेरच्या पत्रांत तरी थांबवावं का?

हर्णैकर
दापोलीतला एक मित्र काजूगर बाहेर पाठवतो. त्याचे इंग्रजी मेल मी नजरेखालून घालतो. प्रत्येकाच्या शेवटी ‘काइंडली रिव्हर्ट’ असतंच. परवा लंडनच्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘कशाकडे परत जाऊ?’ त्याचं बरोबर आहे. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ हा साधा शब्द पडलाय ना! ‘रिव्हर्ट बॅक’बद्दल तर बोलायलाच नको.

देवगडची लेक
साफ अमान्य. ‘उत्तर देणे’ हा अर्थ ऑक्सफर्डच्या विद्यार्थी शब्दकोशातही आहे, भारतीय इंग्रजी अशा शेऱ्यासह. सिंगापूर-मलेशियातही असंच लिहितात. आमचा हापूस आखातात जातो. तिथे मेल वाचणारा बहुधा केरळचा, त्याला बरोबर कळतं. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करा) तर इंग्रजांच्याच तोंडचं. त्यांनी टाकलं, आपण ठेवलं. मग चुकलं कोण?

हर्णैकर
तो शेराच सांगतोय की हा अर्थ सगळीकडे चालत नाही. शब्दकोश नोंद करतो, हमी देत नाही.

निवृत्त कारकून, अलिबाग
आमच्या खात्यात ‘रिव्हर्ट केलं’ ऐकलं की पोटात गोळा यायचा. वरच्या जागेवर तात्पुरता बसवलेला माणूस पुन्हा मूळ पदावर! पुरुषोत्तम लाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याचा खटला याच शब्दावरचा. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली सांगितलं की वरच्या पदावर हक्क नसेल, तर नुसतं परत पाठवणं ही शिक्षा नव्हे. पण त्यापायी मूळ पदावरची ज्येष्ठता किंवा पगार बुडत असेल, तर ती शिक्षाच, आणि मग राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 चं संरक्षण लागू, म्हणजे चौकशीशिवाय पदावनती नाही. एवढा भार असलेलं क्रियापद ‘कळवा’ म्हणायला कशाला वापरायचं?

मालवणचो झील
ता सगळा ऱ्हवांदे. काजूचो भाव काय ठरलो?

वकीलबाई, गुहागर
भावावरूनच सांगते. बाग कराराने देताना इंग्रजी मसुद्यात लिहितात, मुदत संपली की जागा मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होईल. त्याच कागदात खाली ‘दराबाबत आठ दिवसांत रिव्हर्ट करावे’ असं आलं, तर समोरचा वकील खूश होणार. मेलमध्ये काय हवं ते लिहा. करारात मात्र एका शब्दाला एकच अर्थ.

देवगडची लेक
करारापुरतं मान्य. पण एरवी कर्ता बघा ना. जागा रिव्हर्ट होते, माणूस रिव्हर्ट करतो. गोंधळ कुठे आहे?

निवृत्त कारकून, अलिबाग
ताई, माणूसही रिव्हर्ट होतो. वर तेच तर लिहिलं.

देवगडची लेक
होतो काका, पण साहेबाच्या सहीने. ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून कुणी स्वतःची पदावनती करून घेत नाही :)

हर्णैकर
ठीक. मित्राला सांगतो, लंडनला ‘रिप्लाय’, दुबईला हवं ते.

देवगडची लेक
तो एकच मसुदा सगळ्यांना चिकटवत असणार, बघा विचारून. आणि लंडनवाल्याला तरी खरंच कळलं नव्हतं, की दर पाडायच्या आधीचा टोमणा होता तो?