मदत हवी आहे : नर्सिंगच्या मुलींना स्वतःची काळजी घ्यायला कसं लावायचं?

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना वॉर्डात शिकवते. पेशंटचं इनटेक-आउटपुट (पोटात किती पाणी गेलं, लघवी किती झाली) या मुली मिलीलिटरपर्यंत चोख लिहितात, पण सकाळच्या ड्युटीत स्वतः पाण्याचा घोट घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, वॉर्ड सोडून कसं जाणार?" लघवीला जळजळ होत असली तरी अंगावर काढतात. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) लसीचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. त्यातला तिसरा हमखास राहतो. सुया तर रोजच हाताळायच्या असतात!

माहिती त्यांना आहेच, पेपरात सगळं लिहितात. अडतंय ते मनात. पाच मिनिटं बसणं म्हणजे कामचुकारपणा, असं त्यांना वाटतं, आणि सिनियर सिस्टर्सही "आम्ही उपाशीपोटी डबल ड्युट्या केल्या" असं अभिमानानं सांगतात. ते ऐकून माझा जीव तुटतो.

तुमच्याकडे डबा-पाण्यासाठी मुलींना आळीपाळीने सोडतात का? वॉर्ड इनचार्जना कसं पटवलंत? नाइटनंतर हॉस्टेलवर दिवसा झोप मिळावी म्हणून काय करता? विद्यार्थिनींनीही मोकळेपणानं लिहा, प्लीज.