कन्फ्यूशियसच्या लेखी पेहराव म्हणजेच संस्कृती होती का?

शाईदौत:
'ग्वान झोंग नसता तर आज आपण केस मोकळे सोडून, अंगरखा डावीकडे बांधून हिंडलो असतो.' 'लुन्यू'मधलं, म्हणजे प्राचीन चिनी गुरू कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातलं हे वाक्य. ग्वान झोंग छी राज्याचा, परक्यांना थोपवणारा मंत्री. त्याचे उपकार सांगताना गुरूला आठवला तो अंगरखा! डावी बाजू उजवीवर आणून उजव्या कुशीत बंद बांधायचे, ही तिथली जित्या माणसाची रीत. उलटं बांधायचे परके, नाहीतर प्रेताला तसं बांधत. २००३ साली चीनमधल्या झेंगझौ शहरात एक जण हानफू, म्हणजे हान चिन्यांचा जुना पेहराव, घालून भर रस्त्यातून चालला आणि हजारो तरुण त्या वाटेने गेले. मला तो सरळ कन्फ्यूशियसचा वारसा वाटतो.

कडुनिंब:
नाही पटत. त्याच ग्रंथात तो म्हणतो, विधीला टोपी तागाची हवी, हल्ली रेशमी घालतात, त्यात काटकसर आहे, मीही तीच घालतो. पण लोक राजाला दालनाच्या पायऱ्यांखालून नमस्कार करायचं सोडून वर चढून करायला लागले, तेव्हा म्हणाला, हा उद्धटपणा आहे. सगळे एकीकडे गेले तरी मी खालूनच करणार. कापड गेलं तर चालेल, नम्रता गेलेली नाही चालणार.

शाईदौत:
कापड बदललं, टोपी डोक्यावरच राहिली ना? झाय वो हा शिष्य म्हणाला, आईबापांचं तीन वर्षांचं सुतक फार होतं, एक वर्ष पुरे. गुरूने एवढंच विचारलं, 'तेवढ्यात भात खाऊन, भारी कपडे घालून तुला बरं वाटेल?' तो म्हणाला, वाटेल. 'मग घाल.' तो गेल्यावर मात्र गुरू कळवळून बोलला, मूल तीन वर्षांनी आईबापांच्या कडेवरून उतरतं. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी भरून येतं. अंगावरचं जाडंभरडं कापड म्हणजेच ते दुःख.

कडुनिंब:
दुःख आधी, कापड नंतर. झाय वोच्या मनातच नव्हतं, तर त्याला सुतकाचे कपडे घालायला लावून काय मिळालं असतं?

रानवाट:
१६४५ विसरू नका. चीन जिंकणाऱ्या परक्या मांचू राजवटीने हुकूम काढला: कपाळावरचे केस भादरून मागे वेणी ठेवा, नाहीतर मुंडकं जाईल. माणसं मेली, पण केस दिले नाहीत. कन्फ्यूशियसच्याच एका वंशजाने पूर्वजांचा पेहराव राखू द्या म्हणून अर्ज केला, तोही फेटाळला.

कडुनिंब:
आणि १६८४ मध्ये वेणीवाला मांचू सम्राट कांगशी कन्फ्यूशियसच्या गावी, छुफूला, त्याच्या मंदिरात तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा डोकं टेकवून गेला. परंपरा वेणीनिशी चाललीच की.

शाईदौत:
चालली. पण ज्या मूर्तीपुढे तो वाकला, तिच्या अंगावर पोशाख जुनाच होता.