ग्रीसला याटवर बेटं फिरायला जायलो, बोट दिवसभर लई हालते का?

मांजराकाठ (लातूर)
राम राम मंडळी. जर्मनीतल्या मेव्हण्यानं जुलैत आठवडाभर शिडाची याट बुक केलीय, अथेन्सहून निघायचं, बोट चालवणारा स्किपर सोबत हाय. पहिला मुक्काम एजिना, मग पोरोस, मग हायड्रा. मला एजिना ते पोरोस त्या दिवसाची धास्ती वाटायली, कारण म्हणे दिवसभर पाण्यातच. बायकोला कन्नडच्या घाटात दोन वळणं झाली की उलटी, आणि आईनं कुठंतरी व्हिडिओ बघितला बोट एका अंगावर कललेला, तवापासून पलटी होती पलटी होती लावलंय. आमच्या लातूरला २०१६ ला प्यायचं पाणीच मिरजेहून रेल्वेनं आलं, समुद्राचं आम्हाला काय कळणार 😄

हिमरू (संभाजीनगर)
भाऊ, हे अंतर साधारण १५ सागरी मैल, म्हणजे २८ किलोमीटर. अशी बोट ताशी पाच-सहा सागरी मैल जाते, तर चालायचा वेळ तीनेक तासच. बाकीचा दिवस थांबण्यात जातो. एजिनाच्या खालच्या टोकाला मोनी नावाचं छोटं बेट हाय, तिथं नांगर टाकून पोहतेत, जेवतेत, किनाऱ्यावर मोर फिरतेत बरं का, खरंच मोर.

आईला सांगा, शिडात वारा भरला की बोट कलणारच, पण तिच्या पोटाखाली कील असते, शिसं नाहीतर लोखंडाचं टनावारी वजन, ते तिला परत उभी करते. आणि किती कलू द्यायचं ते स्किपरच्या हातात, शीड थोडं गुंडाळलं की बोट सरळ. भीती वाटायली तर तसं सांगून टाकायचं त्याला, लाजायचं नाही.

वहिनींना खाली केबिनमधी अजिबात बसू देऊ नका, तिथंच जास्त मळमळते. वर बसायचं, नजर लांब क्षितिजावर, मोबाईल खिशात. स्टुजेरॉनसारखी गोळी आपल्या डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. झोप येते तिच्यानं, तेवढं धरून चाला.

गोदाकाठचा (नांदेड, सध्या रॉटरडॅम)
वरचं बरोबर हाय पण सगळे जातानाचंच विचारतेत. जुलै-ऑगस्टात तिकडं मेल्टेमी म्हणून उत्तरेचा वारा सुटतो. सायक्लेड्स बेटांकडं त्याचा जोर लई, तुमच्या सारोनिक आखाताला जमिनीचा आडोसा हाय म्हणून कमी, पण येतोच. तुम्ही दक्षिणेला जायलात म्हणजे वारा पाठीशी, बोट पाळण्यासारखी डुलत जाते. परत येताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्यात सरळ घुसत नाही, नागमोडी जावं लागते, अंतर वाढते आणि लाटांवर धाडधाड आपटते. वहिनींची खरी परीक्षा तिथं. मेव्हण्याला आत्ताच सांगा, परतीचा टप्पा दोन दिवसांत तोड आणि पहाटे निघ, वारा दुपारी चढतो.

हायड्राला मात्र दुपारच्या आत पोचा. बंदर एवढंसं, उशीर झाला की बोटीला बोट लावून बांधतेत आणि सकाळी एकाच्या नांगराची साखळी दुसऱ्याच्या साखळीत, मग पाच भाषांतल्या शिव्या फुकट ऐकायच्या. गावात गाड्या नाहीत, सामान गाढवावर.

मांजराकाठ (लातूर)
परतीचं डोक्यातच नव्हतं राव, मेव्हण्याला फोन लावतो. खायचं काय करावं? आई शाकाहारी हाय.

तेरणा_एक्सप्रेस (धाराशिव)
धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी न्या, बोट हालत असताना कोणी स्वयंपाक करत नसते. गावात फावा मागा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच समजा, आईला चालंल. आणि चाकाच्या कडक सुटकेसा नका नेऊ, बोटीत ठेवायला जागाच नसते, मऊ बॅगा घ्या, रिकाम्या झाल्या की घडी करून गादीखाली जातेत. एजिनाचा पिस्ता नावाजलेला हाय, तो पहिल्याच दिवशी घेऊन टाका.

हिमरू (संभाजीनगर)
अजून एक, टॉयलेटात कागद टाकू नका. तुंबलं की साफ करायला स्किपर येतो आणि मग आठवडाभर तोंड पाडून बसतो.